बिनइंजिनाच्या गाडीचा पाडवा

कोल्हापूर, १७ एप्रिल १९७५

तीर्थस्वरूप अप्पा यांना,

त्र्यंबकचा दोन्ही हात जोडून (उजव्याला पट्टी आहे, तिच्यासकट) नमस्कार. तुमचा गुडघा आणि तुमच्या बैलांची खुरं आता बरी असावीत. इकडे अंबाबाईच्या कृपेनं सगळं ठीक आहे, फक्त पद्मजा घरात नाही. ती तुमच्याकडे कागलला आहे, हे तुम्हाला कळवायला नकोच. "अंगणात एक तर ती गाडी राहील, नाहीतर मी," असं ती म्हणाली असेल. बहिणीचं ऐकलंत, आता मेहुण्याचंही ऐका. ती परत येईपर्यंत मला घरात चैन नाही.

गाडी म्हणजे गिरणीत कापसाच्या गाठी वाहायची, बॅटरीवर चालणारी. भंगाराच्या लिलावात कुणी बोली बोलेना, म्हणून मी बोललो (शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आपलं काही चुकत नाही असा माझा समज आहे). दहा पावसाळे उघड्यावर काढलेली. उद्यमनगरातला पिराजी मिस्त्री दोन दिवस तिच्याखाली उताणा पडून इंजिन शोधत होता. मग आम्ही गंज खरवडायला बसलो. चार दिवसांत पाट्या भरभरून गंज निघाला आणि गाडी निम्मी झाली. पिराजी म्हणाला, "मास्तर, आता हात आवरा. ह्यो गंजच गाडीला धरून हाय की!" उरलेल्यावर नवा पत्रा ठोकला, तांबडा रंग दिला आणि नोंदणीला एका कचेरीत गेलो. कारकुनानं इंजिन नंबर विचारला. नाही म्हटलं. "इंजिन न्हाय? मग बैलगाडीत धरतो," म्हणून त्यानं तसं लिहिलं आणि बैलांचा रंग विचारला.

पाडव्याला पूजा घातली. हार, नारळ, चाकाखाली लिंबं, सगळी गल्ली हजर. शेजारच्या अंबूबाई म्हणाल्या, "चालू कुटं हाय? आवाजच न्हाय की!" आता पूजेला गाडी रेस केल्याशिवाय आपल्याकडं कुणाचं समाधान होत नाही, हे तुम्ही जाणता. पिराजीच्या अब्रूचा प्रश्न आला. त्यानं ट्रकवर देतात तसा पाय दिला, पूर्ण. अप्पा, ट्रक जागच्या जागी गुरगुरतो. ही गुरगुरत नाही, निघते. (ब्रेकचं काम पाडव्यानंतर करायचं ठरलं होतं.) लिंबं चिरडून, चकार शब्द न काढता ती अंगणातल्या तिन्ही बाजल्यांवरून गेली आणि न्हाणीच्या भिंतीत थांबली. बाजल्यांवर पद्मजाच्या कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून घातलेल्या, त्यातल्या निम्म्या तुमच्यासाठी. मी खाली पडलेल्या पिराजीला उठवायच्या आधी गाडीचा पत्रा चाचपला, ते तिनं पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिशवी भरली आणि एस.टी. धरली.

तर तिला सांगा, चूक माझी आहे आणि गाडीचा नाद मी सोडला आहे. गहू मी स्वतः भिजत घातलाय (आज तिसरा दिवस. गल्लीत वासाची चौकशी सुरू आहे). चहा दोन कप होतो आणि दुसरा गार होतो.

तुमचा,
त्र्यंबक

ता. क. रविवारी तिला न्यायला येतो. तिनं नाही म्हणू नये, एवढं तुम्ही बघा.

आणखी ता. क. गाडीनंच येतो. भिंतीतून काढल्यावर (हाताची पट्टी त्यातलीच) ती फार सुरेख चालायला लागली आहे. बॅटरी कागलच्या अलीकडच्या चढापर्यंत पुरेल, असं पिराजी म्हणतो. बारापर्यंत पोचलो नाही, तर हायवेवर बैलजोडी आणि दोर पाठवावा. कागदोपत्री आपलं काही चुकत नाही. परतीला बैल नकोत. पद्मजा बसली, तर कोल्हापूरपर्यंत मी ढकलीन.