माडवेळला कोणीही जात नाही

१२ जानेवारी, रविवार
ठरलं. यंदाची मेची सुट्टी समुद्रावर, पण गर्दीशिवाय. मागच्या वर्षी अलिबागला गेलो, पाण्यात उतरलो, तर शेजारी आमच्याच बिल्डिंगचा सेक्रेटरी. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने माझ्याशी पार्किंगचा विषय काढला. असली सुट्टी पुन्हा नको.

शिवाय ओवीचं प्रकरण. शाळेत 'माझे गाव' असा निबंध होता. हिने लिहिलं, आम्हाला गाव नाही. खरंच आहे. आमच्या कैक पिढ्या गिरगावात, मग दादरला. गाव आणणार कुठून? पण बाई म्हणाल्या, असं कसं, प्रत्येकाला गाव असतंच. पोरगी रडत घरी आली. तेव्हाच मनात म्हटलं, मनमोहन, या पोरांना गाव तू मिळवून देशील.

उर्मिलाला सांगितलं. ती म्हणाली, गाव शोधतात का रे? असतं नाहीतर नसतं. बायकोला व्हिजन नाही.

१९ जानेवारी
सापडलं! दिवसभर मॅपवर सिंधुदुर्गाचा किनारा वरून खाली तपासला. माडवेळ. स्वच्छ वाळू, माडांची रांग, कौलारू घरं. हॉटेल एकही नाही, रिव्ह्यू एकही नाही. अशी जागा सांभाळायची तर तोंड बंद ठेवलं पाहिजे. कोणालाही सांगायचं नाही.

२० जानेवारी
दीपकला सांगितलं. म्हणजे नाव नाही सांगितलं, फक्त फोटो दाखवला. दीपक ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, राहतो लालबागला. बघताक्षणी ओरडला, अरे, हे तर आमचं गाव! ते देऊळ बघ, त्याच्या मागे आमचं घर! मग विचारलं, कधी जातोयस? मेमध्ये म्हटल्यावर चेहराच बदलला. म्हणाला, मेमध्ये नको रे बाबा, जाम पब्लिक असतं. नोव्हेंबरात जा, मस्त.

हॉटेल नसलेल्या गावात पब्लिक? माणसाने थाप मारावी, पण निदान मॅप बघून मारावी. आपला बीच आपल्यापुरता राखून ठेवायचा डाव आहे, दुसरं काय! इतकी वर्षं याच्या डब्यातली सुकट मी प्रेमाने खाल्ली. त्याचं हे फळ.

१३ फेब्रुवारी, माडवेळ
पाहणी दौरा. घरी ऑफिसचं काम सांगून आलोय.

काय शांतता! पहिल्याच घराला कुलूप, शेजारच्या घराला कुलूप, त्याच्या पलीकडे कुलूप. बीचवर मी आणि एक कुत्रा. कुत्रा थोड्या वेळाने निघून गेला.

गावात गणपत म्हणून एक म्हातारे गृहस्थ भेटले. सगळ्या घरांच्या किल्ल्या यांच्याकडे. समुद्रालगतचं एक मोठं घर उघडून दाखवलं. सारवलेलं अंगण, लांबलचक पडवी, आडाचं गोड पाणी. मेमध्ये राहायला मिळेल का विचारलं. म्हणाले, ऱ्हवा की. पण मालक मुंबैक आसत. मे म्हयन्यात येतले, मगे दाटीवाटीन ऱ्हवचा लागतला.

मी कुलूप नीट पाहिलं. गंजलेलं. येणारी माणसं कुलूप गंजू देतात का? मुंबईला गेलेला माणूस 'येतो येतो' म्हणतो आणि येत नाही. गणपतकाकांना हे सांगून त्यांचं मन कशाला दुखवा? घर पक्कं केलं.

४ मार्च
रेल्वेचं बुकिंग उघडलं आणि पापणी लवायच्या आत सगळ्या गाड्या फुल. एवढी माणसं कोकण रेल्वेने जातात कुठे? अर्थात गोव्याला. मेंढरं. आपण कारने जाऊ. वाटेत कोणी भेटणार नाही, हाही फायदाच.

१८ एप्रिल
उर्मिलाने विचारलं, तिथे मुलं कोणाशी खेळणार? मी म्हणालो, समुद्राशी.

सुट्टीतले संकल्प: पहाटे ध्यान. संध्याकाळी लांब चालणं. फोन बंद. दोन जाडजूड पुस्तकं घेतली आहेत.

दीपकने आज पुन्हा तोच सूर लावला. बघ हां, मागाहून बोलू नकोस. आम्हीपण त्याच वेळेला— पुढचं ऐकलं नाही, मी हेडफोन लावले होते. मित्राच्या सुखात माणूस इतका कसा जळतो?

३ मे, हायवे, वडापावच्या टपरीवर
ही काय गर्दी! खासगी बसच्या रांगा, टपावर बोचकी, पंखे, एकावर तर अख्खा कूलर. गोव्याला कूलर कशाला नेतात लोक?

तोच दिवस, जरा पुढे
माडवेळच्या फाट्याला वळलो, तर पुढची बसही वळली. चुकली असावी. मागचीही वळली. ध्रुवने विचारलं, बाबा, हे सगळे आपल्याबरोबर आहेत का? मुलगा नववीत गेला तरी प्रश्न बालवाडीचे.

४ मे, माडवेळ
काल पोचलो.

वेशीवर कमान. 'चाकरमान्यांचे सहर्ष स्वागत. माडवेळ ग्रामस्थ मंडळ, लालबाग.' एकूण एक कुलूप उघडलेलं. दारोदारी चपलांचे ढीग, अंगणाअंगणात वाळत घातलेले टॉवेल. आणि आमच्या घराच्या पायरीवर, बनियनवर, फणसाचे गरे खात बसलेला दीपक!

घर त्याच्या काकांचं. आत काका, काकी, चुलत भाऊ, वहिन्या, दीपकची आई शांताकाकी, मुलगी अक्षदा. दीपक म्हणाला, ये ये, बोललो होतो ना तुला! मी स्पष्ट म्हणालो, दीपक, एवढी मोठी गोष्ट मित्राला अगोदर सांगायची असते. यावर तो इतका हसला की गरा घशात अडकला आणि त्याच्या पाठीवर थापा मलाच माराव्या लागल्या.

विश्वासघात म्हणतात तो हाच. माझी सोय पडवीत, दोन काकांच्या मधे.

५ मे
ध्यानासाठी पहाटे ध्रुवला घेऊन बीचवर गेलो. लाउडस्पीकर. अंडरआर्म क्रिकेटची टूर्नामेंट. सलामीचा सामना घोडपदेव विरुद्ध शिवडी.

पुन्हा लिहितो. घोडपदेव विरुद्ध शिवडी. दोन्ही ठिकाणी दादरहून टॅक्सीने जाता येतं. मी त्यासाठी दिवसभर गाडी हाकत इथे आलो.

माझे डोळे मिटलेले असताना शिवडीला एक माणूस कमी पडला. ध्रुव माझ्याकडे न बघता धावला. शिवडी जिंकली. पोराला खांद्यावर घेऊन नाचले. त्याने मला हात केला नाही. दिसलो नसेन.

७ मे
उर्मिला ओटीवर शांताकाकींबरोबर ओले काजू सोलत बसते. चिकाने हात काळे झालेत. एरवी दादरला ग्लोव्हज घालून भांडी घासणारी बाई! आज इतक्या मोठ्याने हसत होती की मी पुस्तक ठेवून बघायला गेलो. मी गेल्यावर दोघी एकदम गप्प. विषय मीच होतो, याबद्दल शंका नाही.

दुपारी ओवी येऊन म्हणाली, बाबा, जेवक येवा. मी म्हटलं, नीट मराठी बोल. ती म्हणाली, ही गावची भाषा आहे, आपल्या. अक्षदाने शिकवली.

आपल्या! गाव शोधलं मी. मॅप झूम करून करून डोळे माझे गेले.

८ मे
घरच्यांची मीटिंग घेतली. दीपकने फसवलंय, तरी डगमगायचं कारण नाही, टेकडीपलीकडे आणखी एक बीच आहे, तिथे खात्रीने कोणी नसतं, उद्या सकाळी निघू. ध्रुव म्हणाला, उद्या सेमीफायनल आहे. ओवी म्हणाली, उद्या रापण ओढायची आहे, सगळा गाव जाळं ओढतो. उर्मिला म्हणाली, तू बघून ये रे, आम्ही इथेच आहोत.

माझंच रक्त. माझंच मीठ.

९ मे
टेकडीपलीकडे गेलो. तिथे परळकर आहेत.

परत येताना वरून आमचा किनारा दिसला. सगळे रापणीच्या दोराला लागलेले. उर्मिला पदर खोचून, ओवी तिच्या मागे, दीपक सगळ्यांत पुढे बोंबलतोय. मला पाहून त्याने हाक मारली, ये रे मन्या, हात लाव! मी वरूनच सांगितलं, मी शांततेसाठी आलोय. त्याने एकदाच बोलावलं. पुन्हा बोलावलं असतं तर गेलोही असतो.

१० मे
निघायचा निर्णय जाहीर केला. कारण ऑफिस. उर्मिला म्हणाली, परवा देवळात सत्यनारायण आहे, मुलांनी नावं दिलीत आरतीला, आम्ही मागाहून यांच्या बसने येऊ. मला वाटलं होतं, निदान एकदा तरी म्हणेल, थांब ना. शांताकाकी म्हणाल्या, ऱ्हवा हो, खय जातास एकटे? उर्मिलाने मात्र डबा भरून तयार ठेवला होता. गाडीत बसलो तेव्हा फार वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू?

१३ मे, दादर
बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही. सगळे आपापल्या गावी गेलेत. पार्किंग पूर्ण रिकामं, सेक्रेटरीसुद्धा नाही. जाडजूड पुस्तक उघडलं, मिटलं. ठरवून टाकलं की घरच्यांना माफ करायचं. पुढच्या वर्षी माडवेळलाच जाऊ, मीही दोराला हात लावीन, फक्त पडवीतली जागा बदलून मागू.

हे सांगायला फोन उचलणार, तोच उर्मिलाचा आला. पूजा छान झाली. ध्रुवला बेस्ट फिल्डर. शांताकाकी आत्तापासूनच पुढच्या मेची सोय बघताहेत, कोणत्या घरात किती माणसं. मी घसा साफ केला. ती म्हणाली, मी तीन सांगितलीत.

मी विचारलं, तीन कोण?

म्हणाली, मुलं आणि मी. तुला गर्दी सोसत नाही ना.

मागे भजनाचे टाळ वाजत होते, ओवी आईला बोलावत होती. फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, तिकडे शांत आहे ना रे?

हो म्हणालो.