नाला नव्हे, नदी

मंगळवार, दिवेलागणीला

टेंभुर्णीच्या शाळेतून थेट आमच्या गावच्या ग्रामसभेला गेल्ते, ती भांडूनच आले. जास्त बोलले का? बोलले तर बोलले.

ग्रामसेवकानं ठराव वाचला: गावचं गटार ‘जवळच्या नाल्यात’ सोडायचं. मी विचारलं, कोणता नाला? सरपंच हसले. “मॅडम, आपली नदीच ती. पण आठ महिने कोरडी राह्यती. नदी लिहिली की मंजुरी अडकती, म्हणून नाला लिहिलं.”

कोरडी म्हणे! आमच्या वस्तीला विहिरीवर चढू देत नव्हते, तेव्हा त्याच कोरड्या वाळूत झिरा खोदून, त्यात पाझरलेलं पाणी माय जर्मन धातूच्या वाटीनं उपसून घागर भरायची. त्या वाटीवर आम्ही वाढलो.

सहीसाठी कागद पुढं आला. सही केलीच न्हाई. ‘नाला’ खोडलं आणि वर ठळक ‘नदी’ लिहिलं.

ग्रामसेवक ओरडला, “कागद खराब केला तुम्ही!”

“कागद दुसरा मिळंल,” मी म्हटलं, “नदी कुठून आणता?”

उद्या नवा कागद आणणार आहेत म्हणे, नाला लिहूनच. आणा. मायची वाटी अजून मांडणीवर आहे, ती घेऊन जाते. गटार सोडायचंय ना? मंग त्या पाण्याची पहिली वाटी सरपंचांनी प्यायची, सगळ्या गावासमोर.