दुहेरी टाका

३ मार्च

आले बाई एकदाची! दोन तास बोटीत अशी हलले की सकाळचं सगळं समुद्राला दिलं. नावाडी म्हणतो कसा, आजी, नातीचं काम तुम्ही वाटेतच सुरू केलंत, माशांना खाऊ घालायचं. मेला चावट आहे, पण हात धरून नीट उतरवलं.

ठकी, माझी नात, बेटाच्या धक्क्यावर उड्या मारत होती. अठ्ठावीस वर्षांची घोडी! इथे तिला सगळे मॅडम म्हणतात, म्हणेनात का. माशांच्या अभ्यासाच्या नादात ती जेवण विसरते, म्हणून लेकीनं मला महिनाभर पाठवलंय. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा. दारातून सात पायऱ्या उतरल्या की थेट पाणी. भरतीला चार बुडतात, तीन उरतात.

ही वही ठकीनं दिली. कागद भिजत नाही म्हणे. चौथी शिकलेल्या बाईला एवढी महागाची वही! दिसेल ते तिथल्या तिथे लिही, मागाहून लिहिलं की खोटं होतं, असं बजावलंय.

आल्या आल्या तिला चौकटीला उभी करून डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारली. लहानपणी दर वाढदिवसाला मारायचे. ती म्हणाली, आजी, माझी वाढ थांबून बारा वर्षं झाली. म्हटलं, असू दे, रेघेला काय खायला घालावं लागतं?

५ मार्च

आज काम पाहिलं. पाण्याखाली प्रवाळाचे खडक आहेत, फुलकोबीसारखे. तिथे पिंजरा सोडतात. मासा सापडला की फळीवर निजवून तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत मापतात, पाठीत पिवळी दोरी टोचतात, तिच्यावर आकडा, आणि होता तिथेच सोडतात. पुन्हा सापडला की कळतं किती वाढला, किती लांब गेला. आकडे मी लिहिते. माझं अक्षर पाहून ठकी म्हणाली, कॉलेजातल्या पोरांपेक्षा बरं.

गंमत म्हणजे बहुतेक मासे जन्मभर आपल्या खडकाच्या शंभर पावलांत राहतात. मी तरी काय केलं? शिवणयंत्र ते चूल, चूल ते शिवणयंत्र. पण काही एका मोसमात कुठल्या कुठे जातात आणि नेमके घरी परततात.

दोऱ्या दोन टोचतात. एक गळली तरी दुसरी राहते. हे मला फार आवडलं. ब्लाउजच्या काखेत मी दुहेरी टाका घालते, तसंच.

एक मात्र आवडलं नाही. तिसऱ्यांदा सापडलेला मासा सोडत नाहीत. मारून कानातलं हाड काढतात. त्यावर झाडासारखी वर्तुळं असतात, वय कळतं. मी म्हटलं, अगं, दोनदा सोडून विश्वास बसवायचा आणि मग हे? ती म्हणाली, आजी, त्याला काय कळतंय.

८ मार्च

एका माशाला निळी दोरी निघाली. आमच्या पिवळ्या. निळीवर आकडे नाहीत, बारीक खाचा आहेत. नावाडी म्हणाला, दुसरं कोणी मॅडमच्या पोटावर पाय द्यायला आलं असेल. ठकीला हसू आलं नाही. इथे दुसरं कोणी नाही म्हणाली. मग डोळे असे चमकले तिचे! लहानपणी बंद कपाट दिसलं की चमकायचे तसे.

मी पिठलं — छे, इथे डाळीचं पीठ कुठलं. भात केला. तिनं दोन घास खाल्ले.

११ मार्च

ठकी निळी दोरी कुठून आली ते पाहायला खाली गेली. पाठीवरच्या नळकांड्यात पाऊण तासाची हवा. दीड तास झाला. नावाडी बोटीत उभा राहून नुसता पाण्याकडे बघत होता.

मग ती वर आली. गेली तिथेच, बरोबर तिथेच. म्हणाली, एवढं काय, पाच मिनिटं तर झाली.

कपडे बदलताना तिची पाठ पाहिली. मानेपासून कमरेपर्यंत आडव्या रेघा उमटल्यात. सारख्या अंतरावर. आपल्या मापाच्या फळीवर असतात तशा.

१२ मार्च

मलम लावताना हाताला लागलं. डाव्या खांद्याखाली, कातडीतून वर आलेली. निळी. खाचा असलेली.

ठकी म्हणाली, काहीतरी चावलं असेल. आरशात पाहिलं तरी तेच म्हणाली. मी ओढायला गेले तर ओरडली, हात लावू नकोस. माझ्यावर कधी ओरडली नव्हती पोर.

१५ मार्च

पाण्यात जायचं नाही, अशी शपथ घेतली होती तिनं. मी तांदूळ निवडत होते. ती पायऱ्यांवर पिंजरा धुवत होती. मान वर केली तर पिंजरा होता, ती नव्हती.

दुपारी त्याच पायरीवर बसलेली सापडली. ओली. हसरी.

चौकटीला उभी केली. रेघेपेक्षा अर्धं बोट कमी भरली. वाकून उभी राहिली पोर, की — खाली कोणीतरी तिची मागची नोंद काढून ताडून पाहिली असेल. काय लिहिलं असेल?

दोनदा झालं.

१६ मार्च

नावाड्याच्या बोटीचं इंजिन बिघडलंय. त्यानं रेडिओवरून मोठी बोट मागवली, उद्या दुपारी येईल. आजी, तोवर तिला पकडून ठेवा, म्हणाला. आज चावटपणा नाही.

ठकी सारखी पायऱ्यांकडे जाते. कुठे चाललीस विचारलं तर म्हणते, घरी.

तिसऱ्यांदा सोडत नाहीत. मीच लिहिलंय.

१७ मार्च, सकाळ

युक्ती सुचली! ठकीनंच सांगितलं होतं: खूण नसलेला मासा नवा म्हणून धरतात. मापतात, सोडतात. सोडतात!

ती झोपलीय तोवर कात्री उकळून घेतली. पन्नास वर्षं काजं कापली, हात हलला नाही. निळी दोरी निघाली. ठकी जागीसुद्धा झाली नाही.

दोरी माझ्या दंडात शिवली. दोन टाके. दुखतंय, दुखू दे. तिसरी खेप माझी. माझी हाडं मोजा म्हणावं, त्र्याहत्तर वर्तुळं निघतील.

दाराला बाहेरून कडी घातली.

दुपार

वरून दुसऱ्या पायरीवर बसलेय. भरती आहे. पाच बुडाल्या. कधी बुडत नाहीत पाच.

लांब मोठी बोट दिसतेय! नावाडी धक्क्यावरून सदरा हलवतोय.

पाणी पायांपाशी आलं — थांबलं — दंडाला चाचपून पाहिल्यासारखं — मागे गेलं. मला घेतलं नाही. का नाही घेतलं

कडी वाजली. आतून ढकलतेय. ठकी, थांब गं, बोट आलीच —

कडी निघाली. दारात उभी आहे. केस वर बांधलेत. माझ्याकडे बघत नाही, पाण्याकडे बघतेय, आणि वाऱ्यानं बटा उडाल्या, कानामागे निळी —

दोन. दोन टोचतात. मीच लिहिलं, मला आवडलं म्हणून लिहि

कात्री वर खोलीत. ती उतरतेय. तिचा हात धरलाय मी, एका हातानं लिहि

ठकी नको खाली नको माझ्याकडे बघ मी आ