अण्णा आणि काळ्या सडकेचे पाच भाग

प्रिय कप्तान,

मायन्यालाच अडलो. 'चिरंजीव' लिहावं तर तुझ्या डोक्यावर आता माझ्यापेक्षा कमी केस उरलेत (मागच्या फोटोवरून, फोटो जुना असेल तर परिस्थिती आणखी गंभीर), आणि 'तीर्थरूप' लिहावं तर तू पडलास माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तेव्हा नुसतं 'प्रिय' ठेवतो, त्यात बसेल तेवढं घे. तुझी तब्येत बरी असेलच. पाठ अजून दुखत असेल तर औषध बदलण्याआधी खुर्ची बदल. इकडे तुझी ताई ठणठणीत आहे आणि चष्म्याचं दुकानही बरं चाललंय; लोकांना दिवसेंदिवस कमी दिसतंय, देवाची कृपा. अण्णाही खुशाल आहेत. खरं म्हणजे खुशाल हा शब्द तुझ्या वडिलांच्या सध्याच्या अवस्थेला तोकडा पडतो, आणि म्हणूनच हे पत्र. फोनवर सांगायला गेलो तर मध्येच हसू फुटेल, आणि अण्णा कायम बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर.

तर झालं असं. अण्णांनी त्यांच्या घराची फरशी बदलायला काढली आणि ते आमच्याकडे राहायला आले. सामान हलवताना माळ्यावर एक खोकं सापडलं. त्यावर अण्णांच्या त्या सरळसोट अक्षरात 'कचरा' असं लिहिलेलं, आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, 'टाकू नये'. आत तुझं गेमचं यंत्र, दोन रिमोट, आणि 'काळी सडक'चे पाचही भाग. होय, तेच, ज्यांच्यावरून तुमचं वाजायचं. अण्णा म्हणायचे, हा चोऱ्या शिकवणारा खेळ आहे. तू म्हणायचास, हा रस्त्यांचा खेळ आहे, चोऱ्या तोंडी लावायला. मग आरटीओत परीक्षक असलेल्या अण्णांनीच तुझी लायसन्सची टेस्ट घेतली, अख्ख्या कचेरीसमोर तुला नापास केलं, तू दुसऱ्या गावी जाऊन लायसन्सही काढलंस आणि नोकरीही धरलीस, आणि तेव्हापासून तुम्ही फोनवर एकमेकांना फक्त हवामान सांगता. (मी मध्ये पडत नाही. मलाही त्यांनी नापास केलं होतं. मुलगी आधी दिली, लायसन्स नंतर. अर्ध्या शहराला नापास केलेला माणूस आहे तो, त्यात आपण दोघं कोण लागून गेलो.)

एका रविवारी मी ते यंत्र सहज जोडून बघितलं. अण्णा पेपरामागे होते. मी पहिला भाग लावला. आठवतो ना, शहर कबुतराला दिसेल तसं वरून, गाड्या काडेपेटीएवढ्या, माणसं म्हणजे नुसती डोकी. मी एक टॅक्सी पळवली, दोन खांब पाडले, पोलीस मागे लागले. पेपर थोडा खाली आला. अण्णांनी एवढंच म्हटलं, की तू इंडिकेटर दिला नाहीस. मी समजावलं की या खेळात इंडिकेटरचं बटणच नाही. त्यावर त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला (तो आजतागायत उघडलेला नाही) आणि अशा शहराला परवाना दिला कोणी असं विचारून माझ्या हातातला रिमोट घेतला. मग ते बैलगाडीच्या चालीने निघाले आणि पहिल्याच लाल दिव्याला थांबले. कप्तान, त्या खेळात लाल दिव्याला आजवर कोणी थांबलं नसेल. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा कल्ला केला, एकाने उतरून अण्णांना बाहेर खेचलं आणि त्यांचीच गाडी घेऊन पसार झाला. जिथे चोर आपण असतो, तिथे आपलीच गाडी चोरीला जाण्याचा मान तुझ्या वडिलांनी मिळवला. त्यांनी तिचा नंबर टिपून घ्यायला पेन मागितलं, तेव्हा मला कळलं की आता हा माणूस आपल्या हातात राहिला नाही.

तेव्हापासून घरात एकच विषय: कुठला भाग सर्वांत चांगला. माझं मत तुला ठाऊक आहे. दुसरा. तो समुद्र, ती गुलाबी संध्याकाळ, तो गाडीतला रेडिओ! गाड्या वळताना ओल्या मोरीतल्या साबणासारख्या सटकतात हे मला मान्य आहे, पण दुसऱ्या भागात पोचायचं असतं कोणाला, भटकायचं असतं. अण्णा तिथे समुद्राकाठी नियमात बसेल अशी गाडी लावून निम्मी दुपार नुसता रेडिओ ऐकतात आणि वर सांगतात की भाग टाकाऊ आहे. तुझी ताई पाचव्याच्या बाजूने. त्यात तीन नायक, एक अडचणीत आला की त्याला तिथेच सोडून दुसऱ्याच्या अंगात शिरायचं. ही सोय संसारात का नाही असं ती माझ्याकडे बघून विचारते. शिवाय ती त्यात बँक लुटण्यापेक्षा कपड्यांची दुकानं जास्त फिरते. अण्णांना पाचवा अजिबात पसंत नाही. गाडी नुसती होला हो करते म्हणतात, एवढी आज्ञाधारक गाडी माणसाला बिघडवते.

आणि चौथा! ज्याला तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली, की गाड्या जड आहेत, ब्रेक लागता लागत नाही, वळणावर बोट डुलावी तशा डुलतात. अण्णांनी त्यात पहिला ब्रेक मारला, गाडी पुढे झुकली, सावरली आणि थांबली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाले, याला वजन आहे. त्या दिवशी ते दुसरं काहीच खेळले नाहीत, नुसते ब्रेक मारत बसले. खेळात पाऊस आला, रस्त्यावरच्या लोकांनी छत्र्या उघडल्या, तेव्हा अण्णांनी आपोआप वेग कमी केला. नायकाच्या भावाचा खून झालाय, तो बिचारा समुद्र ओलांडून सूड घ्यायला आलाय, आणि अण्णा त्याला झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबवून एका म्हातारीला जाऊ देतायत.

पण खरं महाभारत घडलं तिसऱ्यात. तुला आठवत असेल, तिसरा सगळ्यांत अवाढव्य, डोंगर काय, माळरानं काय, सायकलसुद्धा. आणि टोळीत काम मिळण्याआधी टायरवाल्याच्या अंगणात ड्रायव्हिंगची टेस्ट द्यावी लागते. परीक्षक म्हणजे तो बनियनमधला जाड्या, तेलाच्या पिंपावर बसलेला. टेस्ट हा शब्द ऐकताच अण्णा उठून आत गेले, बाहेरचा शर्ट आणि बूट घालून आले. सीट, आरसा, पट्टा (खेळात यातलं काही हलत नाही, अण्णा मनातल्या मनात हलवतात), आणि मग शांतपणे, एकाही शंकूला धक्का न लावता, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे गाडी नेऊन आणली. पडद्यावर लाल अक्षरं आली: नापास. तुझी ताई स्वयंपाकघरात पळाली. मला पळायलाही जागा नव्हती.

त्या टेस्टमध्ये हँडब्रेक ओढून गाडी भोवऱ्यासारखी फिरवून आखलेल्या चौकोनात बसवायची असते, हे तुला वेगळं सांगायला नको. अण्णा ते करेनात. ते रोज बूट घालून बसत आणि रोज नापास होत. आधी त्यांनी डोळ्यांना दोष दिला, म्हणून मी त्यांना दुकानात नेऊन तपासलं, तर त्यांनी तक्त्याची शेवटची ओळ वाचलीच, वर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं. मग रिमोटला दोष दिला. मग त्या जाड्याला, की हातात कागद नाही, पेन नाही, उमेदवार आला तरी पिंपावरून उठत नाही, याला निलंबित केला पाहिजे. आणि मग एका दुपारी, मी एका बाईंच्या फ्रेमचा स्क्रू बसवत होतो, तर अण्णा दुकानात येऊन कोपऱ्यात उभे राहिले. बाई जाईपर्यंत थांबले. मग काचेच्या कपाटाकडे बघत म्हणाले, "मला शिकव."

माझ्या आयुष्यात इतका मोठा क्षण लग्नातही आला नव्हता. मी तोरा मिरवला नाही (थोडा मिरवला). दुकान लवकर बंद करून घरी गेलो आणि गुरू झालो. पहिला धडा, आरसा विसरा. ते त्यांना जमेना. दुसरा धडा, वेग कमी न करता वळा. ते ऐकूनच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तो नापास झालेला जावई झालो. पण माणूस चिवट आहे. अंगठ्याला फोड आला तर पट्टी बांधून बसले. तुझी ताई मागून 'आता, आता' करून ओरडायची, अण्णा 'गप्प बस' म्हणायचे आणि नेमका त्याच क्षणी हँडब्रेक ओढायचा राहायचा. आणि काल, कप्तान, काल गाडी फिरली! अगदी गर्रकन, धूर काढत, आणि चौकोनात अशी जाऊन बसली की जणू तिथेच जन्मली होती. जाड्याने पिंपावर बसल्या बसल्या मान हलवली. अण्णांनी माझा हात हातात घेऊन दाबला, तुझ्या ताईच्या डोक्यावर टपली मारली, आणि गॅलरीत जाऊन समोर झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंना सांगितलं, की मी पास झालो. त्यांनी अभिनंदन केलं आणि विचारलं, या वयात लायसन्स मिळालं का?

इथेच थांबलो असतो तर बरं होतं. पण आज सकाळी अण्णा म्हणाले, जरा गाडी काढ, फेरी मारून येऊ. मोठ्या बाजाराला आज सुटी, पार्किंगचं मैदान रिकामं. मधोमध पोचल्यावर ते म्हणाले, मी चालवतो. मी जागा बदलली. (तू असतास तर तूही बदलली असतीस. त्यांचा तो आवाज.) पुढचं थोडक्यात सांगतो. त्यांनी वेग घेतला, हँडब्रेक ओढला, आणि आपली गाडी फिरली, पण जिथे थांबायला हवी होती तिथे न थांबता मागच्या मागे फुलझाडांच्या वाफ्यात जाऊन बसली. आम्हाला खरचटलंदेखील नाही. तेवढ्यात तिथला वॉचमन धावत आला. आत वाकून बघितलं, अण्णांना ओळखलं, आणि मी त्याच्या चेहऱ्यावरूनच ताडलं की यालाही कधीतरी यांनी नापास केलंय. तो सरळ उभा राहिला आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "साहेब, आरसा नाही बघितला."

अण्णा म्हणाले, "बरोबर आहे."

आणि मग ते हसायला लागले. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना बघितलं नव्हतं, स्टीअरिंगवर डोकं टेकवून, खांदे हलेपर्यंत. वॉचमन हसला, मी हसलो, तिघांनी मिळून गाडी ढकलून बाहेर काढली, मोडलेली रोपं अण्णांनी स्वतः मातीत नीट दाबून लावली. परत येताना मी चालवत होतो आणि ते खिडकीबाहेर बघत होते. एका चौकात म्हणाले, "हे कप्तानला सांगू नकोस." मी बरं म्हटलं. पुढच्या चौकात पुन्हा म्हणाले, "सांगितलंस तरी चालेल."

म्हणून सांगतोय. बाकी सर्व क्षेम. तुझी ताई तुला आशीर्वाद सांगते आणि पाचवाच भाग खरा असंही सांगायला सांगते. दोन्हींतलं काय घ्यायचं ते तू ठरव.

तुझा,
भाऊजी

ता. क. गाडीचा मागचा दिवा फुटलाय. तुझ्या ताईला मी सांगितलंय की तो आधीपासूनच तसा होता. तिने फोनवर विचारलं तर तुला काही माहीत नाही.

आणखी एक ता. क. अण्णांच्या घरची फरशी केव्हाच बसून झाली. ते म्हणतात, अजून सिमेंटचा वास येतो. आम्हाला ते हवेच आहेत, याबद्दल गैरसमज नको, पण मला माझ्याच टीव्हीवर दुसरा भाग खेळायला मिळत नाही, हेही खरं. तुझ्याकडे टीव्ही मोठा आहे असं ऐकतो.

शेवटचं ता. क., आणि पत्र खरं तर याच्यासाठी. तिसऱ्या भागात नदीवरचा तुटलेला पूल आहे, तो गाडीने कसा ओलांडायचा ते अण्णांनी परवा शोधून काढलंय आणि ते सांगायला त्यांना कोणी मिळत नाहीये. मला सांगायला लागले तर मी दुकानात पळालो. रविवारी सकाळी त्यांना फोन कर. हवामान नको. तो पूल कसा ओलांडायचा तेवढं विचार. तुला तो शाळेत असल्यापासून ओलांडता येतो, हे मला ठाऊक आहे. तरी विचार.