गव्हाळचं बटण

२ फेब्रुवारी २००४
आलो एकदाचा नाशिकला, आणि या वेळी टिकणार. सटाण्याला कांद्याच्या गोण्या उचलल्या, मालेगावला यंत्रमागावर बसलो, दोन्हीकडून पळालो. निघताना आई म्हणाली, मंगळू, तुझ्या बुडाला काटे हायत, तिथं तरी नीट बस. बसणार. कॉलेज रोडला माडीवर शुभांगी मॅडमचा चेहऱ्याचा दवाखाना. एसी आहे, मला पांढरा कोट आहे. इथं येणारं कोणीच आजारी नसतं, तरी सगळ्यांचे चेहरे पडलेले.

पुढच्या टेबलावर छायाताई बसतात. गाव विचारलं, सुरगाण्याकडचा म्हटल्यावर म्हणाल्या, बरं झालं, तुला दारात जाहिरातीतला ‘आधी’ म्हणून उभा करू, ‘नंतर’ कोणी मिळतो का बघू. मी पण हसलो. औषधवाल्यानं दिलेली डायरी मॅडमनी मला दिली. सातवी झालीय ना, रोज चार ओळी लिही म्हणाल्या, अक्षर सुधारेल.

९ फेब्रुवारी
काम जमायला लागलं. चादरी बदलायच्या, बर्फ फोडायचा, मशीन पुसून चालू करून ठेवायचं. आता मी बटणं पण लावतो.

बाया आल्या की एकच विचारतात, पील करू का लेझर. पील म्हणजे उसाच्या आम्लाचं लोशन, लावलं की आठवडाभरात वरची साल सुटते. हळू काम, पुन्हा पुन्हा यायचं. लेझर म्हणजे उजेडाचा फटका, चटकन होतं. पण मॅडम म्हणतात काळी कातडी उजेड पिते, म्हणून तिला फार कमी द्यायचा, नायतर भाजते. छायाताई फोनवर मैत्रिणीला सांगत होत्या, अगं बटाटा सोलायचा का भाजायचा, एवढंच ठरवायचंय.

१६ फेब्रुवारी
आज आपल्याकडची माणसं आली. ज्योत्स्ना आणि तिची आई चिमणाबाई. आमच्या शेजारच्या गावच्या, आता पेठ रोडला राहतात. मी बोललो की लगेच ओळखलं. ज्योत्स्ना मला दादा म्हणते, चिमणाबाईला मी मावशी म्हटलं. पाहुणे बघून गेलेत, साखरपुडा जवळ आलाय. मुलाकडचे म्हणाले, पोरगी चांगली, पण रंगानं जरा…

मॅडमनी पील सांगितलं, तेही सावकाश. बाहेर आल्यावर ज्योत्स्नानं मला विचारलं, दादा, तू रोज बघतो, तू सांग. मला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. कोटाच्या खिशात हात घालून मी सांगितलं, लेझर. मशीन मीच लावतो म्हणालो. तिनं आत जाऊन हट्ट धरला, शेवटी मॅडम बरं म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी
ज्योत्स्नाचं लेझर झालं.

मशीनवर इंग्रजी आकडे आहेत, त्यांच्यावर छायाताईंनी चिकटपट्ट्या लावल्यात. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी. मॅडम सांगून हात धुवायला गेल्या, काळीवर ठेव. माझं बोट तिथं गेलं. ज्योत्स्ना पडल्या पडल्या वाचत होती. म्हणाली, दादा, तू पण? चिमणाबाई बाहेर बसायला जाता जाता दारातून म्हणाली, अरे आम्ही बायोडाट्यात गव्हाळ लिवलंय.

ती गेल्यावर मी गव्हाळ दाबलं. वाटलं, एक शब्दच तर हाय. पोरीचा चेहरा खुलला. मॅडम आल्या, गडद चष्मा चढवला. तो लावला की समोरचं सगळं एकाच रंगाचं दिसतं. विचारलं, लावलं? मी हो म्हणालो.

जळक्या केसांचा वास आला. ज्योत्स्ना म्हणाली पोळतंय. मॅडम म्हणाल्या थोडं पोळतंच. मी तिचा हात धरून सांगितलं, जरा सहन कर, उजळणार हायस.

२१ फेब्रुवारी
फोड आलेत तिला. सकाळी चिमणाबाई घेऊन आली. डाव्या गालापासून उजव्या गालापर्यंत मशीनच्या तोंडाएवढे चौकोन, ओळीत, फरशी बसवल्यासारखे.

मॅडमनी मशीन तपासलं. बटण काळीवर होतं. लेझर झालं त्याच दिवशी पुसताना मीच ते परत काळीवर करून ठेवलं होतं. मॅडमनी विचारलं, उन्हात गेली होतीस का? चिमणाबाईनं पोरीला तिथंच दोन धपाटे घातले, सांगितलं होतं ना गच्चीवर जाऊ नको. ज्योत्स्ना माझ्याकडे बघत होती. मी बर्फ फोडत राहिलो.

२६ फेब्रुवारी
फोड बसले, चौकोन काळे पडले. साखरपुडा मोडला. चिमणाबाई फोनवर रडत होती, छायाताईंनी मला सांगितलं. उद्या मॅडमना सांगून टाकतो.

२७ फेब्रुवारी
सांगितलं नाय. मॅडम गडबडीत होत्या.

दाढी करताना डाव्या डोळ्याखाली एक फिका चौकोन दिसला. कडा सरळ, काडेपेटीएवढा. वस्तरा लागला, रक्त आलं, पण कळलं नाय. आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलं होतं, सुन्न चट्टा दिसला की दवाखान्यात जा. घाबरून मॅडमना दाखवला. त्यांनी भिंग लावून बघितलं, टाचणी टोचली. मला लागलं नव्हतं, तरी लागलं म्हणालो. मॅडम म्हणाल्या, काही नाही रे, रंग उजळलाय तुझा.

२ मार्च
आता चौकोनांची ओळ झाली. डोळ्याखालून कानापर्यंत. तिथं दाढी पण उगवत नाय.

छायाताई म्हणाल्या, चोरून मशीनखाली झोपतोस का रे? सगळे हसले. पण बाया माझ्याकडे बघतात. आज एक पेठकडची बाई, माझ्याहून काळी, पील सोडून लेझर मागत होती. माझ्याकडे बोट दाखवून, याला केलं ते मला करा.

मी बटण काळीवर ठेवलं. तीनदा बघितलं. पण उद्या दुसरी येईल, परवा तिसरी, आणि सगळ्यांचा मीच नमुना.

५ मार्च
ज्योत्स्ना मलम न्यायला आली. चिमणाबाईनं तिच्या तोंडावर ओढणी धरली होती. मॅडमनी बाजूला केली.

त्या काळ्या चौकोनात दाढीचे खुंट आहेत.

मॅडम म्हणाल्या, भाजल्यावर होतं असं कधी कधी. पण मला लांबून दिसलं. कानाजवळ कांजण्यांचा खड्डा. तो माझा हाय. घाईनं आरशापुढे जाऊन बघितलं, माझ्या कानाजवळ सपाट.

माझं कातडं चाललंय तिच्याकडे, तुकड्या तुकड्यानं. आणि तिला जे मी कबूल केलं होतं ते मला मिळतंय.

९ मार्च
कपाळ गेलं. उजवा गाल गेला.

बसमध्ये कंडक्टरनं मला साहेब म्हटलं. सरकून जागा दिली. मी बसलो. लाज वाटली, तरी बसलो.

तिला सांगितलं तर थांबेल. दुसरं काय असणार? मी गप्प बसलो की एक चौकोन जातो. मॅडमच्या दारापर्यंत दोनदा गेलो. नोकरी जाईल एवढंच नाय. दादा म्हणाली होती ना. ती कशी बघेल —

१२ मार्च
फक्त तोंडाभोवती आणि हाताला माझा रंग राहिलाय. चहा पितो तर गरम का गार ते फक्त ओठाला कळतं.

उद्या नक्की.

१४ मार्च
काल गेलो नाय. आज उठलो तर ओठ —

गेलो. पेठ रोडला. चिमणाबाईनं दार उघडलं, ओळखलं नाय मला. या साहेब म्हणाली, डॉक्टरकडून आलात का. खुर्ची पुसली. पाणी दिलं. पोरीचा घसा बसलाय म्हणाली, रडून रडून पार बाप्याचा झालाय.

ज्योत्स्ना आतल्या पडद्याआड होती.

मी तोंड उघडलं. म्हणायचं होतं, मावशी, गव्हाळ मी दाबलं, मॅडमनी काळी सांगितलं होतं. ओठ हलले. आवाज नाय.

आवाज पडद्याआडून आला. माझा आवाज. गव्हाळ मी दाबलं. मॅडमनी काळी सांगितलं होतं. मी दाबलं.

चिमणाबाई उठली. तूच? तूच गं? आणि आम्ही लोकांच्या दारात रडत फिरलो? पडदा ओढला आणि थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मी दाबलं, मी दाबलं, ज्योत्स्ना म्हणतच होती, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरत, तरी थांबेना.

मार माझ्या कातड्यावर बसला. लागला तिला.

मी खुर्चीत. मला काय कळलं नाय. काहीच —

१५ मार्च
चिमणाबाईनं तिला कोंडलंय. बाप येऊन बघणार म्हणे. छायाताई म्हणाल्या, अशा पोरीला घरात कोण ठेवील. मी ओरडलो. कोणी वळलं नाय.

लिहून देतो. हात अजून माझा हाय. पान फाडून चिमणाबाईच्या हातात देतो, आत्ता, या पानावरच —

करंगळी गेली. पेन कळत नाय, बघून धरतो —

चिमणाबाई मावशी, तिला मारू नका. तिनं नाय दाबलं. तिच्या तोंडून जे येतंय ते तिचं नाय, ते माझं. ती उन्हात पण गेली नव्हती. बटण मी दाबलं, नंतर बदललं पण मीच. मी, सुरगाण्याकडचा, तुमचा मंग