गाळाच्या खड्ड्याबाबत आणि त्यातल्या विजेबाबत

मी, पार्बताबाई सूर्यभान मेहरे, वय चौऱ्याहत्तर, धंदा भाजीपाला, राहणार धामणगाव रेल्वे, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर दबाव आणील असा माणूस या घरात अजून जन्मायचा आहे.

कलम १. राहते घर मुलगा जीवन याला. पितळी भांडी सून करिश्मा हिला. लग्न झाल्यापासून तिचा डोळा त्यांच्यावर आहे. घे बाई आता.

कलम २. भाजी धुतलेले पाणी साचते तो घरामागचा गाळाचा खड्डा नात वर्षाली हिला. जीवनला तो मुरूम टाकून बुजवायचा आहे आणि वर गाडीसाठी शेड करायची आहे. पण वर्षाली अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकते आणि तिचा सगळा अभ्यास या गाळावर चालला आहे. यातल्या जिवाणूंना प्रथिनांचे तंतू असतात, केसाहून कितीतरी बारीक, आणि त्यांतून वीज वाहते म्हणे. मला थाप वाटली. मग पोरीने चार बादल्या गाळाने भरून तारेने एकमेकींना जोडल्या आणि माझ्या देवापुढे इवलासा दिवा लागला. जीवनने खड्ड्यात एक टोपले मुरूम जरी टाकला, तरी घरसुद्धा वर्षालीचे.

कलम ३. दीर खुशालराव यांच्याबाबत. हे निवृत्त लाइनमन. वीजचोरांचे आकडे पकडण्यात जन्म गेला. गल्लीत अंधार असताना माझा दिवा दिसला, तसे आत घुसले.

"वैनी, पलीकडच्या लाइनवर आकडा टाकला ना? सांगून द्या."

"भाऊजी, चिखलातून येऊन राहिली वीज."

"मले शिकवता काय?"

टेस्टर लावला. टेस्टर पेटेना, दिवा विझेना. मग लपवलेली वायर शोधायला कोपरापर्यंत हात घालून चारही बादल्या ढवळल्या. दिवा गेला. वर्षाली रडली, "आजी, जिवाणूईले हवा सोसत नाही वो!"

दिवा पंधरवड्याने परत लागला. तेव्हापासून खुशालराव रोज येतात, वायर शोधतात, चहा पितात आणि चिडून जातात. आमचे मालक गेल्यापासून माझ्याशी भांडायला तेवढेच उरले आहेत. ते आले की मला बरे वाटते.

ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात, म्हणून त्यांना नुसते काम देते. माझ्यामागे बादल्यांत पाणी घालावे आणि खड्डा राखावा. संशय फिटेपर्यंत ते येणारच. हात मात्र बाहेर ठेवावा.

ठिकाण: धामणगाव रेल्वे
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५
लिहून ठेवणार: पार्बताबाई सूर्यभान मेहरे (सही)

साक्षीदार:
१. गोदाबाई रामराव चर्जन, शेजारीण (सही)
२. खुशालराव मेहरे (सही; खाली त्यांच्याच हाताने: "वायर अजून सापडली नाई. उद्या येतो, वैनी.")