तेल म्हणायची सवय

अण्णा, त्या फोनबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता रागावणार नाही, हे धरूनच बसले आहे म्हणा ना. आणि रागावलात तरी काय, दोन मिनिटं पाना आपटणार आणि मग चहा मागणार.

तेव्हा आयात नुकती खुली झाली होती आणि हैदराबादेत रोज काहीतरी नवं उतरत होतं. शहराबाहेर एकाने मातीचा ट्रॅक काढला आणि लोकांना फिरवायला छोट्या एटीव्ही आणल्या. बरकतपुऱ्यात आपल्या वर्कशॉपच्या दारात त्यातली पहिली टेम्पोतून उतरली, तेव्हा तुम्ही तिच्याभोवती दोनदा फिरलात आणि म्हणालात, "ही तर चारचाकी फटफटी." तिचे तारेवरचे ब्रेक उतारावर दम टाकत होते, मालकाला पुढच्या चाकांना हायड्रॉलिक डिस्क ब्रेक हवे होते. मी, तुमची लेक, मेकॅनिकलचा डिप्लोमा करून तुमच्या हाताखाली आलेली, डोक्यात हवा गेलेली. राणीगंजहून सामान आणलं, मी ब्रॅकेट आखले, तुम्ही कापले. सगळं बसलं, पण ब्रेक पोचटच. लिव्हर दाबला की थेट हँडलला टेकतो. सकाळपासून आपण ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढतोय. मी लिव्हर दाबून धरते, तुम्ही चाकाजवळच्या, चकतीला चिमटणाऱ्या कॅलिपरचं तोंड सैल करता, बुडबुडे येतात, पुन्हा आवळता. संपतच नाही. शेवटी तुम्ही जमिनीवर बसून चाकाकडे बघत राहिलात आणि हसायलाच लागलात. "उजवीकडचं कॅलिपर डावीकडं बसवलीस की गं! हवा काढायचं तोंड खाली गेलं. हवा बसती वर, ती खालून कशी निघंल? बुकात नाही का हे?" मी चिडले, कारण बुकात होतं. अदलाबदल केली आणि लिव्हर कसा कडक लागला! ट्रॅकवरची पहिली चक्कर तुम्ही मला मारू दिलीत.

आपल्याकडे ब्रेकमधल्या द्रवाला सगळे तेलच म्हणत. तुम्हीही म्हणायचात, पण तुमचा हात कधी चुकीच्या डब्याकडे गेला नाही. ते तेल नव्हे, खरं तेल घातलं तर आतली रबरं फुगतात, हे मी परीक्षेत आकृतीसकट लिहून आले होते. पुढे काही आठवड्यांनी ट्रॅक सांभाळणाऱ्या माणसाचा फोन आला. तुम्ही सामान आणायला गेला होतात. "मॅडम, हँडलवाली डब्बी में तेल कम दिख रा." समोर गिऱ्हाईक उभं होतं, मी घाईत म्हणाले, "तो डाल दो ना तेल, निशान तक." त्याने घातलं. इंजिनचं.

दोन दिवसांनी ब्रेकने पुढची चाकं धरली ती सुटेचनात, गाडी उतारावर कलंडली आणि चालवणाऱ्या बाईच्या खांद्याचं हाड मोडलं. मालक एकटाच आला, गाडी दारात टाकली आणि ओरडला, "तुम्हारे यहाँ सेच बोले ना, तेल डालो बोलके!" तुम्ही ब्रेकचा सिलिंडर उघडलात. रबरं भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टरारून फुगलेली. तुम्ही ती हातावर घेऊन बोटाने दाबून बघितलीत. ट्रॅक सांभाळणाऱ्या त्या माणसाचे इतके फोन तुम्हीही घेतले होते. "मीच बोललो असंल," तुम्ही म्हणालात. "माझ्या तोंडात तेलच बसलंय." मी शेजारीच होते, हातात फडकं होतं, आणि मी त्या फडक्याची घडी घालत राहिले.

त्या बाईला बघायला तुम्ही दोनदा गेलात. ती बरी झाली, मालकही निवळला, पण तुम्ही ब्रेकचं काम बंद केलंत. दिलसुखनगरहून लोक केवळ तुमच्या हातच्या ब्रेकसाठी यायचे, त्यांना तुम्ही हात जोडून सांगायचात, "ब्रेक नक्को. बाकी काय बी सांगा." उभ्या आयुष्याचं कसब, अण्णा, आणि ते तुम्ही माझ्या एका शब्दापायी ठेवून दिलंत. तुमचं नाव गेलं नाही, तुमचा स्वतःवरचा भरवसा गेला. मला तो एका वाक्यात परत देता आला असता.

तुम्ही मला तशी संधीही दिली होती. एका सकाळी स्वयंपाकघरात बशीतला चहा फुंकत, माझ्याकडे न बघता विचारलंत, "तो फोन मीच घेतलो होतो ना गं?" तुम्हाला खरंच आठवत नव्हतं, की मला बोलायला जागा करून देत होतात, हे मला आजही कळलेलं नाही. मी म्हणाले, "हो अण्णा, तुम्हीच." आणि मला हायसं वाटलं. याची लाज मला त्या फोनपेक्षा जास्त वाटते.

आता वर्कशॉप मीच बघते. ब्रेकची कामंही घेते, बरी करते. अजूनही लिव्हर दाबून धरला की तुम्ही खालून "सोड" म्हणाल असं वाटतं, आणि फार आठवण येते.

आई आत्ताच डोकावून गेली. तिला अजून वाटतं, तुमचे हात थरथरायला लागले म्हणून तुम्ही ब्रेक सोडले. येईल त्याला तसंच सांगते. "काय लिहायलीस एवढं?" तिने विचारलं. मी कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "काही नाही गं, सामानाची यादी."